काल मी तुला काय बोललो

प्रिय बारक्या,

तुला पत्र लिहून सत्तावीस वर्षं झाली असतील, किंवा कधी लिहिलंच नसेल. आज मला कशाचीच खात्री देता येत नाही. सकाळपासून डोक्यात कोणीतरी घण घालतंय. तोंडाला कोरड. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून घेतली, आणि आता दोन झाल्या असतील या धास्तीने मनगटावर बोट ठेवून बसलोय. लिंबाचं पाणी तीन पेले पिऊन झालं. चष्मा सापडला, तोही बुटात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी भर दुपारी एवढी चढावी, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण तू तर समोरच होतास.

होतास ना? माझ्या दुकानाशेजारच्या घड्याळजीने सुट्टीचं जेवण म्हणून मला आणि तुझ्या वहिनीला बोलावलं, आणि मला न सांगता तुलाही. तू आत आलास, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलास, आणि मी घाबरून पहिला पेला एका घोटात संपवला. मग दुसरा. तिसरा हातात घेतल्याचं आठवतं. त्यानंतर एकदम आज सकाळ. मधल्या वेळात मी तुला काहीतरी बोललो. काय बोललो ते मला माहीत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकलाय.

उठलो तेव्हा दुकानातली मोजायची टेप गळ्यात होती. खिशात मापाच्या तीन चिठ्ठ्या, अक्षर माझंच, फक्त ओळी उतरणीला लागलेल्या. एक घड्याळजीची. दुसरी बहुतेक त्याच्या कपाटाची असावी, कारण छाती बावन्न आणि बाही नाहीच. तिसरीवर नाव नाही, पण उजवा खांदा अर्धा इंच खाली, असं लिहिलंय. असा खांदा मी आयुष्यात एकाचाच पाहिला. म्हणजे तू उभा राहिलास, हात वर केलेस, मला माप घेऊ दिलंस. रागावलेला माणूस माप देतो का? पण मग दुसरी काळजी लागली. तुझी छाती एकोणचाळीस होती, चिठ्ठीवर छत्तीस आहे. माणूस उगाच तीन इंच आटत नाही. की माझाच हात हलला? तुला काही झालंय का रे? डॉक्टरला दाखवलंस का?

घड्याळजीकडे जाऊन विचारलं. तो म्हणाला, तुम्ही दोघं गळ्यात गळा घालून रडलात. पण त्याने मला दोनदा 'बारक्या' अशी हाक मारली, म्हणजे त्याचीही उतरलेली नव्हती. त्याची साक्ष काय कामाची? तुझी वहिनी शुद्धीत होती, पण ती सांगते की तू जेवणाचं ताट अर्धं टाकून गेलास, आणि जाताना तिच्या पाया पडलास. आता यातून मी काय समजायचं? रागावलेला माणूस ताट टाकतो, हे खरं. पण तो पाया पडतो का? मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा ती भांडी पुसायची थांबली आणि एवढंच म्हणाली, "जे बोललात ते शुद्धीत बोलायला हवं होतं." ते चांगलं होतं की वाईट, ते काही सांगेना. वर, झेपत नाही तर घेता कशाला, हे मात्र सकाळपासून पाचदा ऐकवलं.

तुला बाबांच्या दुकानातली ती लांब फळी आठवते? एका टोकाला तू काज करायचास, दुसऱ्या टोकाला मी कापायचो. काजं तुझ्यासारखी कुणाचीच नव्हती. बाबा तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण चांगल्या गिऱ्हाइकाचा कोट आला की तुझ्याचकडे सरकवायचे. मला त्याचा राग यायचा. पुढे तू बस चालवायला लागलास. तुझी बस दुकानावरून जायची, तेव्हा मी मान खाली घालून कापत असल्यासारखं करायचो. समोर कापड नसलं तरी.

मी चौथी शिकलेला माणूस, मला गोल फिरवून लिहिता येत नाही, तरी एवढा वेळ फिरवत बसलो. तो शाळामास्तरांच्या लग्नाचा कोट. कापड अपुरं पडत होतं, म्हणून दुहेरी न घालता एकेरी पसरून कापलं. कोटाच्या पुढच्या भागाचा एक पल्ला कापल्यावर आखणीचा कागद उलटा करायचा असतो, तो उलटायचा राहिला, आणि दोन्ही पल्ले डाव्या बाजूचे निघाले. कापडाला उलट-सुलट होतं, फिरवून लावायची सोय नव्हती. बाबा आले, त्यांनी तू काजं कापायला उचललेली कात्री तुझ्या हातात पाहिली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुला कात्रीला हात लावायला बंदी केली. तू माझ्याकडे बघितलंस. मी खडू शोधत राहिलो. बारक्या, ते पल्ले मी कापले होते. काल मी हेच बोललो असेन, तर ती दारू बोलली म्हणून सोडून दे. दुसरंच काही, आणखी वाईट बोललो असेन, तर तेही तिचंच. आता दुपारचे तीन वाजलेत, मी लिंबाच्या पाण्यावर आहे, आणि हे माझ्या हाताने लिहितोय. उद्या हेच पत्र घेऊन तुझ्या दारात येईन आणि वाचून दाखवीन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच, चुकलेला
थोरला