आठव्या कलमावरची हरकत

दि. १२ फेब्रुवारी १९६३

प्रिय रुख्मिणी,

बायकोला ‘प्रिय’ लिहायचं असतं हे मला केसरनं शिकवलं. पंधरा वर्षांची झाली तुझी लेक, आता मलाच शिकवते. एरवी तुला पाठवायची पत्रं मी गुरुजींकडून लिहून घेतो, हे मात्र स्वतः लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा, तुझं हसणं ऐकून अकरा वर्षं झाली. वर्षातून एकदा आश्रमात भेटायला येतो तेव्हा आपण दोघं पाहुण्यांसारखे बसतो, पीकपाण्याचं बोलतो, आणि माझ्या बसची वेळ होते.

यंदा वांगी भरपूर आलीत. दुसरबीडच्या बाजारात टोपल्या दुपारच्या आत रिकाम्या होतात. मिरचीची पानं मात्र मुरडली. केसर भाकरी चांगली थापते, पण तुझ्यासारखी फुगत नाही. तिनं तुझं हिरवं लुगडं नेसायला मागितलं, मी नाही म्हणालो आणि ती दोन दिवस रुसून बसली. ते पेटीत तसंच घडी करून आहे. वर्षातून एकदा उन्हात घालतो. दुसरी कर म्हणणारे आता थकले. तुझी फार आठवण येते, रुख्मिणी. जेवायला बसल्यावर सगळ्यात जास्त येते.

आता मोठी बातमी. पंचायतीनं आरोग्याचे नवे नियम करायला घेतले. ग्रामसेवकानं चावडीच्या भिंतीवर कागद चिकटवला, कोतवालानं दवंडी दिली. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं महिन्याभरात लिहून द्यावं, नाहीतर सभेत येऊन बोलावं. एकूण नऊ कलमं. सगळ्यात जास्त बोंब उकिरड्यांवरून झाली. ते गावाबाहेर न्यायचे म्हटल्यावर अर्जुनराव तर सरपंचांच्या अंगावरच धावून गेले, जसा काही वाडवडिलांचा देवच हलवतायत. आठवं कलम तुझं होतं. महारोग्यानं गावात राहू नये, विहिरीवर येऊ नये, हा बावन्न सालचा ठराव रद्द. रोग बरा झाल्याची डॉक्टरांची चिठ्ठी, तुला मिळालीय तशी, असेल त्यानं आपल्या घरी राहावं, सगळ्यांबरोबर पाणी भरावं. तो कागद मी किती वेळा वाचला ते विचारू नकोस.

सोमवारी सभा झाली. आठवं कलम निघाल्यावर चारपाच जण कुरकुरले, पाण्याला वेगळी विहीर ठेवा म्हणाले. तेवढ्यात बायकांमधून आपल्या शेजारच्या जनकाबाई उठल्या. “तिच्या हातच्या भाकरी म्या दोन वर्सं खाल्ल्या. तवा तिच्या पाठीवर चट्टा होताच. मले काय झालं? सांगा बरं, काय झालं मले?” मग मी उठलो. काय बोललो ते नीट आठवत नाही; जनकाबाई सांगतात, ‘ती माझी बायको आहे’ एवढंच तीनदा म्हणालो. कलम मंजूर झालं.

पत्र इथंच संपवता आलं असतं तर किती बरं होतं. पण जुना ठराव खोडायचा तर आधी तो वाचावा लागतो, आणि ग्रामसेवकानं तो सगळा वाचला. बावन्न साली हजर असलेल्यांची नावं वाचली, त्यात माझं होतं. पुढे लिहिलं होतं, ‘हरकत असेल त्याने उभे राहावे असे विचारले. कोणीही उभे राहिले नाही.’ केसर तिथंच बसली होती. घरी येताना ती झपझप माझ्या पुढे चालत होती. दारात आल्यावर तिनं विचारलं, “बाबा, मायले हे ठाऊक हाय का?”

तुला ठाऊक नाही. त्या दिवशी घरी येऊन मी तुला सांगितलं होतं की मी एकटा उभा राहिलो, भांडलो, पण कोणी ऐकलं नाही. ते खोटं होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तशी या हिंमतरावाची गत. मी मान खाली घालून बसून होतो. मलाही विहीर बंद होईल, माझा माल कोणी घेणार नाही, ही भीती. आणि तू उलट माझीच समजूत काढलीस, “जाऊ द्या, तुमी एकटे काय करसान?” म्हणालीस, आणि मला जेवायला वाढलंस. त्या एका खोट्यावर तू तिकडे अकरा वर्षं काढलीस. तुझ्यासमोर बसून खरं सांगायचं दरवर्षी ठरवलं, आणि दरवर्षी पीकपाण्याचं बोलून परतलो.

तू इथं येऊन कोणाच्या तरी तोंडून ऐकण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू यावंस असं मला फार वाटतं. पण माझ्यापायी तुझं येणं अडू नये. घर तुझं आहे, केसर तुझी आहे, आणि विहीरही आता तुझी आहे. माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही, तर मळ्यात मी खोपी बांधून ठेवली आहे. गावाबाहेर मी राहीन.

तुझाच,
हिंमतराव