एकहाती गाडीची वाजवी किंमत

तीर्थरूप मामा,

दुकानाचं शटर अर्धं ओढून, चष्मा काढून बाजूला ठेवून, इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आणि टेबलावर पडल्या पडल्या तुम्ही डॉक्टरांना भूल कशी द्यावी ते समजावून सांगितलंत, असं ताईने कळवलं. तेव्हा तब्येतीची काळजी मिटली. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. डोळ्याला पट्टी असल्यामुळे ताईच ते तुम्हाला वाचून दाखवणार, हे धरून चालतो.

(ताई, कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी. तो मनात वाच. मामांना तुझा चेहरा दिसणार नाही, पण आवाज सांभाळ.)

इकडे सगळे खुशाल आहेत. मामी घर राखून आहे. माझी आई तुमची फार आठवण काढते. (म्हणजे मामांच्या गाडीचा विषय निघाला की पदर तोंडाशी धरून हसते. कारण मला परवापर्यंत माहीत नव्हतं.)

आता कामाचं. ऑपरेशनसाठी ताईकडे जाताना तुम्ही माझ्या एका हातात गाडीची किल्ली दिलीत आणि कानात एक आकडा सांगितलात. डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलंय, आणि दारात उभी असलेली गाडी नुसती बघत बसणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून तुम्ही परत यायच्या आत ती विकली जावी, तीही वाजवी किमतीला. मामा, ते वाक्य बोलताना तुमचा आवाज जरा चिरकला होता. म्हणूनच मी, ज्याला चष्म्याच्या काड्यांपलीकडे काही विकता येत नाही, हे काम अंगावर घेतलं. तुमचा हिशोब मी पाठ केला होता. नवी घेतली तेव्हाच्या किमतीतून वयाचे थोडे वजा, दर रविवारी केलेल्या पॉलिशचे थोडे जमा, आणि गाडी एकहाती आहे, स्टिअरिंगला तुमच्याशिवाय जन्मात कुणाचा हात लागलेला नाही, त्याचे वेगळे तीन लाख. एकूण बावीस.

जाहिरात तुम्ही सांगितली तशीच दिली. ‘मोठी, काळी, एकहाती गाडी. किंमत बसून ठरवू.’ मामा, छापील शब्दावर लोकांचा एवढा विश्वास असतो याची मला कल्पना नव्हती. पहिले गृहस्थ आले ते गाडीकडे न बघता माझ्या बाह्यांकडेच बघत होते. मी दोन्ही हातांनी नमस्कार केला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. एका हाताने चालवता यावी म्हणून गाडीत काही खास सोय केलेली असेल, आणि ती आपल्या सासऱ्यांना उपयोगी पडेल, असं त्यांना वाटलं होतं. दुसरं एक जोडपं आलं आणि किंमत बसून ठरवायची म्हणून मागच्या सीटवर बसलं. एसी लावायला लावला, गाणी लावायला लावली, आणि दोघांत नव्या घराच्या रंगावरून वाद झाला तो तिथेच मिटवून, आभार मानून निघून गेलं.

मग वाटलं, बाजारात काय चाललंय ते आधी बघावं. जुन्या महागड्या गाड्यांच्या शोरूमला गेलो. तिथे काचेच्या खोलीत बसलेल्या मॅनेजरने गाडीचं साल विचारलं, मॉडेल विचारलं आणि मला पाणी दिलं. पाणी आधी का दिलं ते नंतर कळलं. नऊ म्हणाला. मला वाटलं, नऊ जास्त, म्हणजे एकतीस. तो म्हणाला, नऊच. अशा गाड्या शोरूमच्या बाहेर पडतानाच निम्म्या होतात, आणि उरलेलं निम्मं त्यांचे सुटे भाग खातात, म्हणून घेणारा घाबरतो. मी पॉलिशचा मुद्दा मांडला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. घरी येऊन संगणकावर साल आणि मॉडेल टाकून बघितलं, तर तो साडेआठवरच थांबला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आठवड्यातून एकदा धुण्यापुरतीच फाटकाबाहेर येणाऱ्या गाडीसमोर आपण सगळे किती वर्षं चपला काढून उभे राहिलो, मामा.

तरीही मी बावीसच सांगत राहिलो. गिऱ्हाईक येत राहिलं आणि मामी चहा देत राहिली. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. सौदा जरा रंगात आला की मामी कपबशी ठेवता ठेवता म्हणायची, मला बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय, पण चढाला एसी लावला की जरा दम खाते हो. किंवा, मला काय समजतंय, पण मागे घेताना डावीकडचा सेन्सर उगाचच कोकलतो. गिऱ्हाईक चहा संपवायचं आणि विचार करून कळवतो म्हणून जायचं. मी तिला एकदा समजावून सांगितलं की मामी, तुला ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये. ती बरं म्हणाली. (ताई, तिने ‘बरं’ म्हटलं की काय समजायचं हे तुझ्या वडिलांना कळलं नाही, तिथे मला कुठून कळणार.)

अखेर एक दंतवैद्य आले. देखणे, भारदस्त, आवाजाला वजन आणि पोटालाही. गाडी बघून त्यांचा श्वास अडकला. बावीस ऐकून सुटला, पण ते गेले नाहीत. मला गाडी येत नाही हे तुम्ही चारचौघांत नेहमी सांगताच, त्यामुळे चालवून बघायला तेच स्टिअरिंगवर बसले आणि मी शेजारी. तिथे सीटची एक किरकोळ तक्रार निघाली. मामीने ती तिथल्या तिथे दूर केली. काळजीचं काही नाही.

(ताई, आता खुर्चीला धरून बस. दाराच्या आतल्या बाजूला तीन बटणं आहेत, १, २ आणि ३. ज्याने त्याने आपल्या बैठकीचं माप एका बटणावर ठेवायचं, मग ते दाबलं की सीट आणि आरसे आपोआप त्या मापावर येतात. १ वर मामा आहेत, हे सगळ्या जगाला माहीत आहे. दंतवैद्यांनी सहज म्हणून २ दाबलं. सीट घूं करून पुढे निघाली. पुढे आली, वर चढली, पाठ सरळ झाली आणि तरीही पुढे येतच राहिली. दंतवैद्य स्टिअरिंग आणि पाठीच्या मध्ये असे अडकले की त्यांना ‘थांबवा’ म्हणायलाही जागा उरली नाही. आरसे खाली वळून कुणातरी बुटक्या माणसाला शोधू लागले. मी घाबरून गाणी बंद केली. एवढ्यात मामी चहा घेऊन आली. तिने एका हातावर ट्रे तोलला, दुसरा हात खिडकीतून आत घातला, आणि बटणाकडे न बघता १ दाबलं. सीट मागे गेली. दंतवैद्यांना हवा मिळाली. कपातला चहा हिंदकळला नव्हता.

मी मामीकडे बघितलं. मामीने ट्रेकडे बघितलं. ताई, २ वर तो आरसा बरोबर मामीच्या उंचीला लागला होता.

मी ओट्याशी उभं राहून तिला विचारलं तेव्हा ती भांडी विसळतच होती. लायसन्स कधीचंच आहे म्हणाली. आठवतंय, ती कितीतरी महिने शिवणाच्या क्लासला जायची आणि साधं बटणही लावायला शिकली नाही म्हणून मामा चेष्टा करायचे? तो क्लास शिवणाचा नव्हता. दुपारी मामा जेवून आडवे झाले की ही गाडी काढायची, आणि चहाच्या वेळेला आणून जागच्या जागी लावायची. उतरताना आठवणीने १ दाबायची. पेट्रोल एवढं लागतं कसं म्हणून मामांनी ज्या मेकॅनिकला हाकलून दिलं, त्या बिचाऱ्याची माफी मागायला ती गेली होती. गाडी घेऊनच. आणि माझ्या आईचा गुडघा दुखत होता तेव्हा तिला रोज व्यायामाला घेऊन जाणारी ‘ओळखीच्यांची गाडी’ ती हीच. माझी आई, माझी सख्खी आई, रोज दुपारी भावाच्या गाडीत मागे बसून फिरत होती आणि घरी येऊन मला टॅक्सीचे दर किती वाढलेत, ओळखीच्यांची गाडी मिळते म्हणून बरं, असं सांगत होती.

मी म्हटलं, मामी, एवढं चोरून कशाला? तेव्हा तिने नळ बंद केला. म्हणाली, ‘त्या दुपारी हे घामाघूम होऊन सोफ्यावर पडले, आठवतंय? नंतर पित्त निघालं. पण तेव्हा काय कळतंय. एवढी मोठी गाडी दारात, किल्ली खुंटीला, आणि मी अनवाणी शेजाऱ्यांच्या बेला वाजवत फिरत होते. परत तसं फिरायचं नाही असं ठरवलं मी.’ मग म्हणाली, ‘ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी किल्ली कपाटात ठेवली असती.’ ताई, मी फडकं घेऊन तिच्या शेजारी भांडी पुसायला लागलो.)

असो. गाडी उत्तम आहे. दंतवैद्य अडकूनही हटले नाहीत, उलट अशी मजबूत सीट पाहिली नाही म्हणाले. त्यांचा आकडा चौदा. मामा, बाजार नऊ म्हणत असताना चौदा म्हणजे बक्षीसच आहे. त्यांची एकच अट आहे, गाडी एकहाती असल्याचं मी त्यांना माझ्या तोंडाने सांगावं. रविवारी ते उत्तर घ्यायला येतील. मी आयुष्यात कुणाला चुकीच्या नंबरचा चष्मा विकलेला नाही, आणि तो शब्द आता काही केल्या माझ्या जिभेवर येत नाही. का येत नाही ते तुम्ही विचारू नये. वाजवी किंमत म्हणजे जी सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघता येतं ती, असं माझं मत झालं आहे, आणि तशी किंमत मला सापडत नाही. तुम्ही काय म्हणाल तसं करतो. डोळ्याला पाणी लावू नका आणि डॉक्टरांना थोडं बोलू द्या.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. – वरचं पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मामी दुकानात आली. पोस्टात कशाला टाकतोस, म्हणाली, उद्या मी ह्यांना आणायला जातेच आहे, हातोहात देईन. मी विचारलं, कशाने जाणार? तिने काउंटरवर गाडीची किल्ली ठेवली. मी घाईघाईने म्हटलं की पत्र ताईने वाचायचं आहे. तर म्हणे, तिला कुठे वेळ असतो, मीच वाचून दाखवीन. पाकीट अजून माझ्या हातात आहे आणि ती समोरच्या स्टुलावर बसून चष्म्याच्या फ्रेम लावून बघते आहे. पत्र फाडण्याइतका वेळ नाही आणि तेवढं धाडसही नाही.

ता. क. २ – मामी, कंसातलं सगळं आता मोठ्याने वाच. ताईसाठी होतं, पण खरं म्हणजे ते मामांसाठीच होतं. ‘सीटची किरकोळ तक्रार’ इथून सुरू कर.

ता. क. ३ – मामा, दंतवैद्यांना मी नाही म्हणून कळवलं. एकहाती हा शब्द जाहिरातीतून काढला, मग जाहिरातच काढली. तुम्ही वाजवी किंमत विचारली होती, तीही मामीकडून घेऊन ठेवली आहे: परतीच्या वाटेवर एकदाही ‘ब्रेक’ म्हणायचं नाही. तुम्हाला जड जाईल हे तिला माहीत आहे. कमी करायला मात्र ती तयार नाही. तुमची जागा आता शेजारची. त्या बाजूलाही बटणं आहेत, तुमच्या उंचीने माप लावून ठेवलं आहे. ड्रायव्हरच्या बाजूचं १ पुसून तिथे तुझं माप ठेवू का, असं मी मामीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘त्याला हात लावायचा नाही. ते ह्यांचं आहे.’

ता. क. ४ – ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. ३ नंबरचं बटण रिकामं आहे. मामी मला शिकवायला तयार आहे, फक्त तुमची परवानगी हवी. ती शक्य तर कालच्या तारखेची द्यावी, कारण तुमच्या फाटकाचा डावा खांब कालच पडला.