आपोआप चालणारा डबा

आबा, कळंब्याच्या घरातला तो डबा आपोआप चालत नव्हता. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ऐकायला तुम्ही नाही.

इंटरनेटची लाइन वरच्या मजल्यावर दादाकडे आली होती आणि तुम्हाला ती खालीही हवी होती. दादाचा डबा, म्हणजे राउटर, एका कंपनीचा, तुमचा दुसरीचा. दोन्ही खोक्यांवर 'ऑटोमॅटिक' छापलेलं. म्हणजे कुठल्या कॉम्प्युटरकडे कुठल्या वाटेनं जायचं, हे डब्यांनीच एकमेकांना सांगायचं. पण वरच्याला जुनी रीतच कळायची आणि खालचा नव्या रीतीनंच सांगायचा. एका घरात राहून एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं, आपल्यासारखंच. अख्खा रविवार मी जिना चढत-उतरत होते. शेवटी ते 'ऑटोमॅटिक' बंद केलं, दोन्ही डब्यांत वाटा हातानं लिहिल्या आणि आकडे एका कागदावर उतरवून ठेवले.

संध्याकाळी गडमुडशिंगीचे मामा आलेत. आई चहा टाकतेय, मी कप विसळतेय. मामा म्हणतात, "पोरगी हुशार हाय की!" तुम्ही हसता. "कसली हुशार, पावणं? खोक्यावरच लिवलंय, आपोआप हुतंय. हिनं नुस्तं बटन दाबलं." मग माझ्याकडे वळून, "तुजं काम डबाच करतोय की. मग कागलला कशाला मरायला जातीस?"

कागलच्या कारखान्यात मी हेच काम करायचे. तिथे मला मॅडम म्हणायचे, आबा. महिन्याभरात तुम्ही ती नोकरी सोडायला लावलीत आणि वर्षाच्या आत लग्न उरकलंत. त्या संध्याकाळी मी नुसते कप विसळत राहिले. तो राग अजून गेलेला नाही.

पुढे मी पुण्यात, लेक तीन महिन्यांची. रोज दुपारी तुम्ही तिला कॅमेऱ्यावर बघायचात. दादानं वरचा डबा बदलला, त्यात मी लिहिलेल्या वाटा गेल्या आणि खालचं सगळं बंद पडलं. तुमचा फोन आला, "कुठलं बटन दाबू, सांग की. बाळीला बघायचं हाय." मी म्हटलं, "दाबा कुठलंही. आपोआप होतंय." आणि फोन ठेवला.

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. दादा सांगत होता, बरेच दिवस दुपारचे तुम्ही एकटेच बटनं दाबत बसायचात. दादाला कागदावरची एक ओळ सांगितली असती तरी भागलं असतं. हे पत्र आता त्या आकड्यांच्या कागदाबरोबरच पर्समध्ये राहील. तुमचा फोन आला तेव्हा तो कागद मी हातात धरून बसले होते.