अकरा ठोक्यांची शांतता

प्रिय ठोक्या,

आधी उठ. खालच्या खोलीत जा आणि ऑर्गनचा प्लग भिंतीतून उपटून काढ. नुसतं बटण बंद करून परत येऊ नकोस. प्लग काढ, खोलीला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. मग ये, बूड टेकव आणि पुढचं वाच. तुझ्या पोरीने विचारलं तर सांग, फ्यूजकाकाचं डोकं फिरलंय. तिला ते नवीन नाही. शनिवारच्या कार्यक्रमात तिने तो ऑर्गन वाजवायचा नाही, आणि तोवर सरावालाही त्याला हात लावायचा नाही. तिच्या जिवाचा प्रश्न आहे, एवढं आत्ता धरून चाल. परवा फोनवर मी तुला म्हणालो की आतला एक भाग जळालाय. ते निम्मं खरं होतं. तू हसलास आणि म्हणालास, आयुष्यभर लोकांच्या मशिनी उघडून त्यांना घाबरवायचाच धंदा केलास तू. बरोबर आहे तुझं. म्हणून आता उरलेलं निम्मं लिहायला बसलोय. मला सरळ बोलायची सवय नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा थोडा फिरून येईन.

काल दुकान बंद ठेवून दिवसभर आपले जुने दिवस आठवत बसलो होतो. आपल्याला कुणी बँड मानायलाच तयार नव्हतं, आठवतं? गिटारवाला लग्नाच्या पार्ट्यांत वाजवायला गेला तो गेलाच, आणि तुझा दादा म्हणाला, गेला ते बरं झालं, गिटार असली की सगळे तिच्याकडेच बघत बसतात. समोर ऑर्गन, उजव्या हाताला सिंथेसायझर, पायाखाली बेसची पेडलं, आणि मधे अनवाणी दादा. मागे तू ड्रमवर. आणि पडद्याआड मी, हातात टेस्टर आणि तोंडात स्क्रू. एवढाच आपला संसार. लोक ओरडायचे, अरे गिटार कुठाय. दादा त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही. जुन्या पायमोज्यात शिशाचे तुकडे घालून त्याने वजनं केली होती, ती दोन-तीन पट्ट्यांवर ठेवली की तो सूर तसाच चालू राहायचा आणि दोन्ही हात मोकळे. त्या धरून ठेवलेल्या सुरावर तो सव्वीस मिनिटं एकच गाणं वाजवायचा, सातच्या तालात. माणसं मधे उठून चहा पिऊन यायची, तरी तेच गाणं चालू. तू मोजता मोजता रडकुंडीला यायचास. तरी त्याने नुसतं मान वळवून पाहिलं की तुझ्या अंगात बारा हत्तींचं बळ यायचं. मी तुमच्या दोघांच्याही मागे उभा असायचो, मला सगळं दिसायचं.

त्या गाण्याच्या सतराव्या मिनिटाला ती जागा होती. सगळं एकदम थांबायचं. तू मनात अकरा ठोके मोजायचास, तेवढा वेळ हॉलमध्ये काहीच नाही, आणि मग दादा माइकला ओठ लावून पहिली ओळ म्हणायचा. तेवढ्या अकरा ठोक्यांसाठी त्याने ते गाणं लिहिलं होतं असं मला अजून वाटतं. आणि नेमकी तिथेच ऑर्गनची घरघर ऐकू यायची. जुनं धूड ते, स्पीकरमधून सारखं घूं घूं करायचं. एरवी आवाजात बुडून जायचं, शांततेत उघडं पडायचं. दादाला ते सहन व्हायचं नाही. एकदा तर कार्यक्रम संपल्यावर त्याने सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली. म्हणाला, तुला एक शांतता सांभाळता येत नाही, तू कसला कारागीर. मी तेवीस वर्षांचा होतो. मला ते फार लागलं. आठवडाभराने पुढच्या सरावाला घरघर नव्हती. दादाने मला मिठी मारली. कसं केलंस, असं त्यानेही विचारलं नाही, तूही नाहीस.

आता पोरीचं सांगतो. गेल्या रविवारी तिचा फोन आला. तुझ्यापासून लपवून तिने महिनाभर ऑर्गन साफ केला, पट्ट्या काढून धुतल्या, आतला एक रबरी पट्टा बदलला, आणि सुरू झाल्यावर पहिला फोन मला केला. सगळं मीच शिकवलेलं, तेव्हा मी सुखावलो. मग ती म्हणाली, काका, एवढं जुनं असून अजिबात घरघर नाही, किती स्वच्छ. आणि पुढे हसत म्हणाली, कडेच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, मोठे काका गुदगुल्या करतायत असं वाटतं. ठोक्या, दादाने जायच्या चार दिवस आधी मला हेच सांगितलं होतं. फ्यूज, हे धूड हल्ली मला चावतं, म्हणाला. मी हसलो होतो. म्हटलं, तू त्याला फार बडवतोस म्हणून. 

मी सोमवारी तुझ्याकडे आलो, तू कामावर होतास. तिला म्हटलं, आतला भाग जळालाय, चालू करू नको. तिने विचारलं कुठला, मी बदलते. म्हटलं, तो आता मिळत नाही. तिने फोनवर दोन मिनिटांत शोधून दाखवला. म्हटलं, हॉलमधली वीज याला झेपणार नाही. तिने तिथल्या वीजवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. मग मी चिडून खिशातली पकड काढली आणि प्लगच कापून टाकला. तिने माझ्याकडे बघितलं, खणातून एक प्लग आणला आणि माझ्यासमोर पाच मिनिटांत बसवला. व्यवस्थित बसवला. जेवढ्या वायरी दिसल्या तेवढ्या बसवल्या. दोनच होत्या. तिला वाटलं, जुनं मशिन आहे, दोनच असतील. शनिवारी ती अनवाणी पेडलं दाबणार आहे, मोठ्या काकांसारखी. आणि सतराव्या मिनिटाला माइकला ओठ लावून गाणार आहे.

वायरी तीन होत्या. तिसरी अर्थिंगची. तीच मी कापली होती, प्लगपासून हातभर मागे, रबराच्या कव्हरखाली, आणि पुढचा तुकडा ओढून काढला होता, कुणाला दिसू नये म्हणून वर काळी टेप. त्या काळी आम्ही सगळेच करायचो हे. घरघर काढायची सोपी युक्ती म्हणून एकमेकांना शिकवायचो. मशिन धडधाकट असेल तर काही होत नाही. पण आतला भाग म्हातारा झाला की करंट पत्र्यात उतरतो, आणि त्याला जमिनीत जायला वाट हवी असते. अर्थिंग नसलं की ती वाट माणसातून जाते, पायाखालच्या फरशीत नाहीतर ओठाशी असलेल्या माइकमध्ये. दादा गेला त्या दुपारी तालमीआधी हॉलची फरशी नुकतीच पुसली होती. दादा अनवाणी होता. डावा हात पत्र्यावर टेकवून तो माइककडे वाकला. तू अकरा मोजलेस आणि बाराव्याला वाजवलंस, आणि तो गायलाच नाही. तुला वाटलं, चुकला. तू पहिल्यांदा त्याला शिवी घातलीस, हसून, कारण एरवी तो तुला घालायचा. मी पडद्याआडून बघत होतो. मला तो चुकलाय असं एक क्षणसुद्धा वाटलं नाही. मी आधी भिंतीकडे धावलो, त्याच्याकडे नाही. प्लग काढला आणि मग तुझ्याबरोबर त्याला उचललं. मी आधी कुठे धावलो, हे तुझ्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हाताच्या बोटावरचा पांढरा डाग बघितला आणि विचारलं, हे काय. तू बाहेर तुझ्या आईंना धरून उभा होतास. खोलीत मी एकटा होतो. मी म्हणालो, सोल्डरिंगचा चटका असेल, माझ्याकडे येऊन बसायचा तो. डॉक्टरांनी मान हलवली. आईंनी चिरफाड करू दिली नाही. मग कागदावर हृदय लिहिलं गेलं. अचानक थांबलं, जन्मजात दोष असावा, धाकट्याने जपावं. एवढंच झालं रे. एक वाक्य मी बोललो आणि बाकीचं सगळं इतरांनी केलं. मी परत जाऊन ती वायर जोडायला हवी होती. पण जोडली तर कापली होती हे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी त्या धुडाला कधी हातच लावला नाही. तुझ्या खालच्या खोलीत त्यावर चादर होती तोवर मला झोप लागायची.

एकतीस वर्षं झाली. आईंनी आठ दिवसांत तुझे ड्रम माळ्यावर टाकले आणि तू चोविसाव्या वर्षी म्हाताऱ्यासारखा जिने चढायला लागलास. दर वर्षी छातीला वायरी लावून घेतोस आणि दर वर्षी काही निघत नाही, आणि तू म्हणतोस, दादाचंही काही निघालं नव्हतं. त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर तुझ्या शेजारी मीच बसलेला असतो. पोरगी सहावीत असताना तिला पोहायला न पाठवण्याची चिठ्ठी तू शाळेला लिहिलीस, ती द्यायला मी गेलो होतो. तुझे वडील चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत धान्याची पोती उचलत होते, याची कुणी डॉक्टरांना आठवण करून देत नव्हतं. मला करून देता आली असती. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग तू चहा मागवायचास, माझ्या कपात साखर जास्त घालायचास, आणि मी तो पिऊन उठायचो. लाज वाटते म्हणणं फार थोडं आहे. मी भित्रा आहे, आणि तुझ्या जिवावर भित्रा राहिलो.

आता हे पत्र का, ते. मी रात्रीतून येऊन ते धूड फोडू शकतो, पण पोरगी कुठून तरी दुसरं मिळवेल, त्याचीही घरघर काढायला मलाच विचारेल, आणि मी नाही म्हणालो तर दुसऱ्या कुणाला विचारेल. तो ती वायर कापेल. आमच्या धंद्यात अजून कापतात. माझ्या सगळ्या सबबींना तिच्याकडे उत्तर आहे, दादावर गेलीय ती. मोठे काका कशाने गेले, याला मात्र तिच्याकडे उत्तर नाही, आणि त्यानेच ती थांबेल. माझ्याकडून ऐकलं तर म्हणेल, म्हातारा मला घाबरवण्यासाठी रचून सांगतोय. तुझ्याकडून ऐकलं तर मानेल, कारण यात तुझा भाऊ गेलाय. म्हणून हे तुझ्या दाराखालून सरकवून मी दुकानात जाऊन बसतोय. दिवसभर तिथेच असेन. तू ये, पोलिसांना घेऊन ये, काय हवं ते कर, मी उठून जाणार नाही. पण ते नंतर. आधी पोरीला समोर बसव आणि सांग की तुमच्या घरात हृदयाने कुणीच गेलेलं नाही. तुझ्या दादाला मी मारलं.

अजून असं लिहायची हिंमत करतोय,
तुझाच
फ्यूज