गुलाबी दगड आणि माझा राजीनामा

३ नोव्हेंबर, रविवार, दुपार.
आज दगड-मंडळाच्या बैठकीत शेजारच्या पोस्टमास्तरनं त्याचा 'रोझ क्वार्ट्झ' (गुलाबी स्फटिक) मिरवला. परिपत्रकात त्याचा फोटोही छापलाय. दगडापेक्षा माणूस मोठा दिसतो. मंडळाच्या अध्यक्ष बाई (कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर) "वा, वा" म्हणाल्या. दोनदा. मी मोजलं.
संकल्प: महिन्याच्या आत रोडोनाइट शोधणार. गुलाबी, अंगावर काळ्या रेघा. मंडळात कुणाकडेच नाही. पोस्टमास्तरचं तोंड बघायला मजा येईल.

५ नोव्हेंबर.
खनिजं ओळखण्याचं पुस्तक आणलं. अकरा पानं वाचली. मला नजर आहे, बाकीची पानं नजर नसलेल्यांसाठी. ती पानं आता ही, म्हणजे बायको, वाचत बसलीये. हिला काही कळणार नाही, पण निदान तोंड बंद राहतं.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.
सापडला!! सहा दिवसांत!
फरशीवाल्याच्या दुकानामागे ढिगात पडला होता. गुलाबी, काळ्या रेघा, आणि एक बाजू निसर्गानंच आरशासारखी गुळगुळीत केलेली. कड तर पट्टीनं आखल्यासारखी सरळ. फरशीवाला हसत म्हणाला, हवे तेवढे न्या. अडाणी माणूस. आपण कशावर बसलोय याचा पत्ता नाही.

१० नोव्हेंबर.
चाकूची टेस्ट. दगडावर ओरखडा उठला. चाकू नवा आहे, गरजेपेक्षा जास्त कडक.
ही पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली की रोडोनाइटवर चाकूचा ओरखडा उठत नाही. तिला कुणी विचारलं होतं?
मग व्हिनेगर टाकलं. बुडबुडे आले. व्हिनेगर खराब निघालं. ही म्हणाली, बुडबुडे कॅल्साइटला येतात. मी म्हटलं, स्वयंपाकघरात लक्ष दे. ती म्हणाली, स्वयंपाकघरातच बसलेय, चाकू आणि व्हिनेगर परत मिळेल का?
घरात शत्रू असला की विज्ञान पुढे जात नाही.

१६ नोव्हेंबर.
बाईंना पत्र दिलं. भाषा कडक, पण सभ्य. 'सदर नमुना रोडोनाइट नसल्यास मी मंडळाचा तात्काळ राजीनामा देईन.' ऑफिसात तीस वर्षं हेड क्लार्क होतो. अशा एका वाक्यावर साहेब लोक घामाघूम व्हायचे.

१७ नोव्हेंबर, रविवार.
बैठक.
बाईंनी दगड हातात घेतला, उलटा केला. मागच्या बाजूला थोडं सिमेंट होतं. ते माझ्या नजरेतून सुटलं, कारण मी पुढून बघत होतो. बाई मृदूपणे म्हणाल्या, "हा संगमरवर आहे. कुणाच्या तरी जिन्याचा."
पोस्टमास्तरला खोकला आला. इतका की पाणी आणावं लागलं.
मी ताठ उभा राहून सांगितलं, पत्र कायम आहे. वाटलं होतं, चारजण हात धरतील, नका जाऊ म्हणतील. राजीनामा एकमतानं मंजूर. एकानं तर दोन्ही हात वर केले.
कृतघ्न लेकाचे.

२४ नोव्हेंबर, रविवार.
मंडळ गेलं खड्ड्यात. खरा रोडोनाइट आणून त्यांच्या टेबलावर आपटणार.
बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीवर गेलो. वॉचमननं बाहेरच्या ढिगात शोधायची परवानगी दिली. गाडी ही चालवते म्हणून तिला नेणं भाग होतं. तासभर गुलाबी रंग शोधला, नाही. पाठ धरली. शेडच्या सावलीत बसून विचार करू लागलो.
ही मात्र उन्हात बसून काळेकुट्ट दगड हातोडीनं फोडत होती. मी ओरडून सांगितलं, आपल्याला गुलाबी हवाय, काळा नाही! ती म्हणाली, पान त्रेचाळीस. हवा लागून तो वरून काळा पडतो, गुलाबी आत असतो.
चौथा दगड फुटला तेव्हा ती ओरडली, "अहो, बघा! अहो, लवकर या!"
मी बुटातला खडा काढत होतो. म्हटलं, येतो नंतर.
गेलो तेव्हा तिनं तो रुमालात गुंडाळला होता. उघडून दाखवला. आतून पेरूच्या गरासारखा, मधून बारीक काळ्या शिरा. चाकूनं सातदा ओरखडून पाहिलं. दगडाला काही नाही, माझा अंगठा कापला. पट्टी हिनंच बांधली.
परतताना मुद्दा मांडला की इथे यायचं मी ठरवलं, म्हणजे शोध माझा. तिनं गाडीचा रेडिओ मोठा केला.
रुमाल उघडताना तिचा चेहरा मात्र असा काही झाला होता... जाऊ दे. ऊन फार होतं.

१ डिसेंबर.
ही एकटीच बैठकीला गेली. दगड बाईंकडे ठेवून आली. खालच्या कार्डावर शोधणारीचं नाव हिचं. मी विचारलं, माझा उल्लेख? आहे म्हणाली. 'सोबत: यजमान (सावलीत)'. कंस बाईंनी घातला असणार. मला ती बाई पहिल्यापासून डोक्यात जाते.

४ डिसेंबर.
मंडळाचं पत्र! माफीच असणार. त्यांना माझी किंमत कळायला अडीच आठवडे लागले. उत्तरादाखल तीन अटी लिहून काढल्या, मग पाकीट फोडलं.
पत्र हिच्या नावाचं निघालं. 'मंडळात पंचवीसच जागा असतात. सुदैवाने नुकतीच एक रिकामी झाली आहे. आपले स्वागत आहे.'
सुदैवाने!
अटींचा कागद फाडला. माझ्या जागेवर बसतेस का, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही सोडलीत ना? मग म्हणाली, त्या दिवशी मी तुम्हालाच हाक मारली होती.
यावर उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

७ डिसेंबर, सकाळी ९.
नाही सुचलं.
उद्या मंडळाची सहल. सदस्याला एक पाहुणा नेता येतो. हिनं चहाबरोबर पाहुण्याचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बहिणीलाही विचारणार होते, पण आधी तुम्हाला विचारते, म्हणाली. उपकार नकोत, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. चहा गरम होता, बंद केलं.
फॉर्म भरला. सदस्याशी नातं: नवरा. खनिजांची माहिती: नाही / थोडी / चांगली. 'चांगली'वर ठसठशीत खूण केली.
हिनं वाचलं. खोडरबर माझ्याकडे सरकवला.
मी खूण पेननं केली होती.