बेबी ऑफ

३ मार्च
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक लेख वाचला. बाळंतपणात फार ताण पडला तर बाळाच्या रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, वाढू शकते. चौदा वर्षं मी लोकांची चरबी मोजतोय आणि हे मलाच माहीत नव्हतं.
संकल्प : हिला नववा लागलाय, ताण येऊ द्यायचा नाही. घरात शांतता.

५ मार्च
दाराची बेल काढून ठेवली. गॅसवाला दार बडवून बडवून परत गेला. हिने विचारलं, तुला बरं नाही का. मी शांत आहे असं चारदा सांगितलं. चौथ्यांदा जरा ओरडून.

८ मार्च
सासूबाईंनी लोण्याची बिस्किटं पाठवली, दोन डबे. हिच्या समोर मोह नको म्हणून मीच संपवली.

११ मार्च, सकाळी ९.१०
कळा सुरू. ही चप्पल घालून तयार. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. मी ठेवलेली नाही.

दुपारी २
आमच्याच हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये हिला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होतो. नर्सताई म्हणाल्या, आधी तुम्ही घ्या. मग बुटाची लेस बांधायला वाकलो आणि तिथेच थोडा पडून राहिलो. त्याला त्या चक्कर म्हणतात. माझंही रक्त काढलं. उगाच.

३.२०
मुलगी! रडली. मीही.

४.३०
नाळेतलं रक्त तपासायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी हट्टाने घ्यायला लावलं. ट्रेमधली ट्यूब उचलली, नवजात बाळाला लावतात तसं आईच्या नावाचं लेबल स्वतः लावलं : 'बेबी ऑफ', पुढे हिचं नाव. लेबल दोनदा वाकडं लागलं. लॅबचा एसी फार थंड आहे.

५.१५
४१२. मोठ्या माणसाचंही दीडशेच्या आत हवं. परत तपासलं. ४१०.
एवढासा जीव. त्या दिवशी ओरडायला नको होतं. भीती वाटते. खूप भीती वाटते. हिला कोणत्या तोंडाने सांगू?

६.४०
सांगितलं. हिने बाळाला घट्ट धरलं. तेवढ्यात आमच्या लॅबच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, नाळेची ट्यूब ट्रेमध्येच होती. ती मी तपासली, ३५ आलं, उत्तम आहे. तू तपासलीस ती दुपारी काढलेल्या तुझ्याच रक्ताची. उद्या उपाशीपोटी ये.

१२ मार्च
मुलगी झोपली आहे. रिपोर्टवर अजून तेच छापलंय : 'बेबी ऑफ', पुढे हिचं नाव, ट्रायग्लिसराइड्स ४१२. हिला म्हटलं, मॅडमना सांगून नाव दुरुस्त करून घेतो.
म्हणाली, राहू दे. बरोबर आहे.