ओट्यावरचं मिठागर

शनिवार, ३ जानेवारी

पहिला आला तो हितेश. नऊला या सांगितलं होतं, हा आठलाच दारात — चपला हातात घेऊन. म्हटलं, चपला हातात कशाला रे? तर म्हणतो, "आजी, मागच्या वेळेला तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याने एक नेली. घरी एका पायाने गेलो." खरं आहे त्याचं. त्याच कुत्र्याने शेजारच्या कृष्णाबाईच्या जावयाचा लग्नातला बूट पळवला, तो अजून सापडला नाही. जावई काही बोलत नाही, पण आला की आधी आमच्या अंगणात बघतो.

मग मिताली आली, स्टँडवरून रिक्षाने. काखेत तीन पायांची घोडी, मोबाइल ठेवायला. दोघं आमच्या नातीच्या, प्राचीच्या, नववीच्या वर्गातली.

काम असं — रंजिता मॅडमनी मुलांना कविता करायला लावल्या. आता त्यांचे छोटे व्हिडिओ करायचे. शब्द, आवाज, चित्रं, सगळं मुलांनी जमवायचं. या तिघांनी प्राचीची कविता घेतली. आजोबांच्या मिठागरावर! पोरीने ते आगर बघितलंसुद्धा नाही. तिच्या जन्माआधीच तिथे भराव पडला. मी चौथीपर्यंत गेले, कविता म्हणजे बाई छडी घेऊन पाठ करून घ्यायच्या ती. आपल्या घरातली पोर करते, हे काय ते!

पण ज्यांच्यावर केली ते खोलीतून बाहेर येत नाहीत. दिवाळीपासून हेच. नाक्यावरचा चहा बंद, पेपर बंद. सोबती हाक मारून गेले तर म्हणे, "पाय दुखतान." माझ्या मते आगर गेल्याचं दुःख आता म्हातारपणी वर आलंय. माणूस असा भिंतीकडे बघत बसला की झिजत जातो. माझ्या वडलांचं बघितलंय मी.

रविवार, ४ जानेवारी

आज माझा ओटा गेला. काळा ग्रॅनाइट आहे ना, मितालीला तो फार आवडला. म्हणाली, "आजी, यावर मीठ काय दिसेल!" आणि डबाभर खडं मीठ ओतलं. माझा जीव वरखाली. आमच्यात सांगतात, मीठ सांडलं तर वर गेल्यावर ते पापण्यांनी उचलावं लागतं. पोरांना सांगितलं. हितेश म्हणाला, "एवढ्याला आपल्या पापण्या नाही पुरायच्या. कृष्णाबाईंना पण घेऊ बरोबर."

पण हात काय त्या पोरीचा! बोटाने मीठ सारलं की बांध झाला. चिमटीने सोडलं की रास झाली. मधे एक माणूस, फळीने मीठ ओढणारा. चार खडे हलवायचे, फोटो काढायचा, परत हलवायचे. मग मोबाइलवर सगळे फोटो पळवले, तर माणूस चालायला लागला. माझ्या ओट्यावर! मी तीनदा बघितलं.

दुपारी हे पाण्याला म्हणून आले. ओट्यावर हात फिरवला, तांब्या शोधल्यासारखा, आणि सकाळपासूनचं सगळं आगर पुसून टाकलं. मी ओरडले, तुमचा राग पोरांच्या कामावर का काढता? हे भिंतीला हात लावत लावत परत आत.

मितालीने मीठ परत एका जागी सारलं. मग मलाच म्हणते, "राहू दे आजी, दुसऱ्यांदा जास्त चांगलं येतं." आणि आलं.

सोमवार, ५ जानेवारी

हे जेवायला बाहेर आले नाहीत. मीही बोलवलं नाही.

शनिवार, १० जानेवारी

आज आवाज. हितेशचं डोकं वेगळंच आहे. आगराच्या जागी जाऊन आला, तिथे नुसते डंपर. म्हणाला, "आवाज आपण घरातच तयार करू." मी म्हटलं, आवाज काय वडे आहेत तळायला?

पण तळले बाई त्याने! परातीत ओलं मीठ, त्यावर पाटाची कड ओढायची — फळी झाली. टबात हात हळूहळू फिरवला — भरतीचं पाणी झालं. वारा मी केला, माझ्या कांजीच्या लुगड्याने. लुगडं मोबाइलजवळ घासायचं. "आजी, अजून जोरात, वादळ नको पण." पंखा बंद, गॅस बंद, कुकर बंद. कृष्णाबाई भांडी घासत होती, तिलाही गप्प बसायला लावलं. ती म्हणे, "तुमच्या वाऱ्यासाठी आमी भांडी बी घासायची नाय?"

पाचव्या का सहाव्या खेपेला हितेशने पाट ओढला आणि खोलीतून हाक आली.

"कोन ओढतंय मीठ?"

हे दारात उभे. चेहरा असा, की मला यांचे लग्नानंतरचे दिवस आठवले. पोरं घाबरली, परत काही पुसणार म्हणून. प्राचीने हात धरून दुसऱ्या पाटावर बसवलं. हे म्हणाले, "ओढ ना रं, थांबलास का?" आणि डोळे मिटून ऐकत बसले. मग प्राचीने कविता म्हटली —

आजोबांच्या टाचेला
अजून मीठ चावतं,
आगर बुजलं तरी पाऊल
तिकडेच धावतं.

हे म्हणाले, "चावतं, खरा हाय." बाहेर बसून चहा प्यायले. पोरांनी जे केलं ते माझ्या दोन महिन्यांच्या बोलण्याने झालं नव्हतं.

रविवार, ११ जानेवारी

व्हिडिओ झाला. टीव्हीला लावला. कृष्णाबाई तिचा पाट घेऊन आली, आपल्या गप्प बसण्याचं काय झालं ते बघायला. हे पुढे, खुर्चीत.

सुरुवातीला नुसता अंधार ठेवलाय. आधी ऐकू दे, मग दिसू दे, असं मॅडमनी सुचवलं म्हणे. काळा पडदा आणि फळीचा आवाज, वारा, पाणी. काटा आला अंगावर. त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून हे म्हणाले, "व्वा. रास कशी पांढरी काढलीय पोरांनी!"

पोरं हसली, आजोबा मस्करी करतात म्हणून. मी हसले नाही. चित्रं आली, रास आली, माणूस चालायला लागला, कृष्णाबाईने टाळ्या वाजवल्या. मी यांच्याकडेच बघत होते.

पोरं गेल्यावर यांच्या समोर जाऊन उभी राहिले, न बोलता. हे माझ्यापलीकडे बघत राहिले.

म्हटलं, कधीपासून?

हे म्हणाले, "दिवालीच्या आधीपासून. धुकं परल्यावानी. आयेचा असाच झालता. आपरेशन केला आन् आय आंधलीच गेली." मग म्हणाले, "त्या पोरीचा चित्र मी मुद्दाम नाय पुसला गो."

मी तांब्या आणून हातात दिला. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नाही म्हणाले. मी ऐकलं नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आईचा काळ वेगळा होता, काढला की दिसेल. पहिला डोळा शुक्रवारी. पोरं २५ तारखेला, रविवारी, यायचं कबूल करून गेलीत. मितालीला सांगून ठेवलंय, तो व्हिडिओ पुसू नको — ज्यांच्यावर केलाय त्यांनी अजून बघितला नाही.